प्रकल्पात वेळ वाया जातो का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेत यंदा प्रकल्पांवर भर आहे. दहावीच्या तोंडावर हे योग्य आहे का? – एक पालक, सोलापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, कारण पालकांनी जागून तयार केलेली थर्माकोलची प्रतिकृती म्हणजे प्रकल्प नव्हे. कामातून शिक्षणाचा विचार मात्र आपल्याकडे जुना आहे. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी शिक्षणयोजना मांडली होती.

आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीची किंमत कशी ठरते, हा प्रश्न मुलांनी हाती घेतला, तर त्यांना यंत्रमागावर जाऊन सूत, वीज आणि मजुरीचा हिशेब विचारावा लागेल, शेकडेवारी व गुणोत्तर वापरावे लागेल आणि काढलेला निष्कर्ष विणकरांसमोर मांडून त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतील. पुढे कोणतेही काम करताना हीच सवय उपयोगी पडते, आणि ती मला गुणांइतकीच मोलाची वाटते.

शिक्षकांना एवढेच विचारा, की पहिला मसुदा तपासून मुलांना सुधारण्यासाठी परत मिळतो का. मिळत नसेल, तर तसा आग्रह धरा. लेखी परीक्षेचा सराव अर्थातच वेगळा चालू ठेवावा.