मूल घरीच शिकवलं तर ते एकटं पडतं का?

प्रश्न साताऱ्याहून आलाय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, शाळेत रमत नाही, वहीच्या मागच्या पानांवर दिवसभर चित्रं काढतो. त्याला शाळेतून काढून घरीच शिकवावं असं मनात आहे, पण नातेवाईक म्हणतात की पोरगं एकलकोंडं होईल आणि छंदाच्या नादात वाया जाईल. असं वाढलेलं कुणी आहे का, असं विचारलंय.

आहे. मी. तिसरीनंतर शाळेची पायरी चढले नाही. सांगलीत वाढले, आता एकतीस वर्षांची आहे. वाया गेले की नाही ते वाचून तुम्हीच ठरवा.

शाळा सोडण्यामागे कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं. मी बोलताना अडखळायचे. अजूनही अडखळते, 'प' आणि 'क' आले की जास्तच. प्रकट वाचनाला उभी राहिले की मागच्या बाकावरची मुलं, मी एका शब्दाला किती वेळा अडकते ते बोटांवर मोजायची. बाईंना ते दिसायचं. एकदा त्यांनीही मोजलं. वार्षिक परीक्षेपर्यंत आईनं कसंबसं रेटलं आणि 2004 च्या जूनमध्ये शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली. बाबा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. आजीनं 'पोरीला अडाणी ठेवणार' म्हणून भावकीत दवंडी पिटली.

'होमस्कूलिंग' हा शब्द आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. कुणी विचारलं की आई 'सध्या घरीच असते' म्हणायची, मग समोरची बाई मला काहीतरी मोठं दुखणं असणार असं समजून आवाज बारीक करायची. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आलेल्या बाईंना मला कुठल्या रकान्यात घालावं ते कळेना. त्यांनी पाढे म्हणायला लावले. तेराच्या पाढ्याला मी अडकले. बोलण्यात अडकले की गणितात, हा प्रश्न त्यांना पडला असावा. दोन्हीत, बाई.

आता एकटेपणाचं. 2005 च्या पुरात कृष्णेचं पाणी गावात शिरलं आणि सगळ्या शाळा बंद झाल्या. आम्ही वरच्या मजल्यावर. खाली गल्लीत पाणी आणि गच्च्यांवर गल्लीतली सगळी पोरं. जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलं ते दर तासाला खडूनं भिंतीवर लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि बाकीची पोरं ते बघायला यायची. तेवढे दिवस अख्खं गाव माझ्याच शाळेत होतं. मग पाणी उतरलं, चिखल उपसून झाला, शाळा भरल्या, आणि एका सोमवारी सकाळी अकराला गल्ली रिकामी झाली. तेव्हा पोटात खड्डा पडला. म्हणजे एकटं वाटायचं ते अकरा ते पाच या वेळेत. पाचनंतर लगोरी होतीच, दिवाळीत किल्ला होता, मे महिन्यात मामेभावंडं होती. तुमचे नातेवाईक म्हणतात तसं एकलकोंडं होणं काही घडलं नाही. पण ते सहा तास रोज येतात, आणि त्यांचं काय करायचं हे आधी ठरवलेलं नसेल तर ते फार लांब असतात.

अभ्यास रोज दोनेक तासांत उरकायचा. समोर एकच मूल असलं की शिकवायला लागतं किती! उरलेल्या वेळात मी काय नाही केलं? चिंध्यांच्या बाहुल्या, त्यांचं पडद्यामागचं नाटक, किड्यांची वही, ठिपक्यांच्या रांगोळ्या पाटीवर काढून मग त्यांतले ठिपके पुसून टाकायचा एक स्वतःच शोधलेला खेळ. अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादी तर याहून मोठी आहे. बाह्या नसलेला एक स्वेटर अजून आईच्या ट्रंकेत आहे. बासरी दोन महिने वाजवली, शेजाऱ्यांनी सोसली.

आणि इथे एक गोष्ट सांगते, जी मला बरीच उशिरा कळली. घरात छंद जोपासणाऱ्या मुलाचं सगळंच सुंदर असतं. आई म्हणते छान, मावशी म्हणते बोटांत जादू आहे, बाबा फ्रेम करून आणतात. शाळेत निदान शेजारच्या बाकावरचं पोरगं आपल्यापेक्षा बरं चित्र काढतं हे डोळ्यांनी दिसतं. मला दिसतच नव्हतं. अकरा वर्षांची होईपर्यंत माझ्या प्रत्येक चित्रात डोंगराआड तोच सूर्य आणि तीच झोपडी होती, आणि प्रत्येकाची तारीफ झाली होती.

यातून सुटका झाली ती आईमुळे, पण वेगळ्याच वाटेनं. माझ्या एकटेपणाची चौकशी सगळ्यांनी केली, तिची कुणीच केली नाही. ती आधी एका पतसंस्थेत कामाला होती. माझ्यासाठी नोकरी सोडली. सकाळी मला शिकवायचं, मग स्वयंपाक, मग पुन्हा मी. दुसऱ्या वर्षी ती बारीकसारीक गोष्टींवरून रडायला लागली. गहू निवडताना रडायची. बाबांनी एकदाच, पण योग्य वेळी, शहाणपणा केला: तिला मिरजेला गाणं शिकायला पाठवलं. लग्नाआधी ती गायची. मिरजेत गाण्याला तोटा नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, त्यांच्या नावाची संगीतसभा दरवर्षी मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात होते. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करही बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेतच गाणं शिकले. आईनं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा द्यायचं ठरवलं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्यांनी. या परीक्षांना शाळेचा दाखला लागत नाही, वयाची आडकाठी नाही. घरात एकाऐवजी दोन विद्यार्थी झाले आणि वातावरणच पालटलं.

तिच्या क्लासच्या दोन तासांत मला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. तिच्या बाईंच्या ओळखीनं तंबोरे करणाऱ्या एका चाचांच्या दुकानात मला बसवलं. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी अख्खी गल्ली आहे. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उचलला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या घरांतून चालत आला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आठवड्यातून दोनदा मी त्या दुकानात, भुश्शात मांडी घालून. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात, चांगले वाळलेले, हातात घेतले तर कागदासारखे हलके. ते भिजवून मऊ करायचे, कापायचे, आतून साफ करायचे, मग गळा, दांडी, तबली, खुंट्या. अकरा वर्षांच्या पोरीला यातलं काहीच करू देत नाहीत. मला दिलेलं पहिलं काम तार छेडायचं. जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजन आणताना, घोडीचा (जिच्यावर तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसीनं हळूहळू घासतात, तारेखाली दोरा सरकवून बघतात, आणि तार नुसती 'टण्ण' न करता गुणगुणायला लागेपर्यंत हे चालतं. तेवढा वेळ कुणीतरी तार सारख्या जोरानं छेडत राहावं लागतं. मी छेडायचे. तासभर. तोंडातून एक शब्द काढायची गरज नाही, हे मला स्वर्गासारखं होतं. चाचाही फार बोलायचे नाहीत.

सहा महिन्यांनी त्यांनी फुटका भोपळा आणि पेन्सिल दिली. त्यावर वेलबुट्टी काढ म्हणाले. मी काढली. भरपूर काढली, भोपळा झाकून टाकला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"पान देठाला लागलं नाही. पुस."

मी पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा 'पुस'. त्या दिवशी घरी येताना एसटीत मी रडले आणि आई चाचांवर भडकली. पण पुढच्या खेपेला मी आपणहून तोच भोपळा मागितला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चित्राकडे अशा कुणीतरी बघितलं होतं, जे माझी आई, मावशी किंवा आजी नव्हतं. वेलीचं पान देठातून कसं फुटतं ते बघायला मी मग अंगणातल्या गुळवेलीसमोर बसायला लागले. डोंगर, सूर्य, झोपडी तिथे संपली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मुलाला घरी शिकवा किंवा शिकवू नका, पण शाळा सोडायच्या आधी त्याच्यासाठी घराबाहेरचा असा एक माणूस शोधा, जो स्वतःचं काम करतो आणि पोराचं कौतुक करायला ज्याला फुरसत नाही. साईनबोर्ड रंगवणारा असेल, गणपती घडवणारा कुंभार असेल, सुतार असेल. छंदवर्गाबद्दल माझं मत बरं नाही. तिथे पैसे भरलेले असतात, त्यामुळे तिथेही सगळं छानच असतं. आणि हो, दुकानात बसवायचं म्हणजे तुम्ही जवळपास हवं. माझी आई हाकेच्या अंतरावर होती.

परीक्षांचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू 2010 पासून, सहा ते चौदा वयासाठी. मुलाला शाळेत घालणं हे त्याच्या दहाव्या कलमात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा लिहिलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा वेगळं काही बोलत नाही. दहावीला आपल्याकडे बहुतेक जण सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून केली. तिथे वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, त्यांत एक तरी भाषा, आणि परीक्षा वर्षातून दोनदा. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एकेक विषय सुटा सुटा देता येतो. चित्रकला हा तिथे रीतसर विषय आहे. मी तो घेतला आणि गणित सोडलं. तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं. पुढे अकाउंट्सचा कोर्स करायचा झाला तेव्हा ते महागात पडलं. तुमच्या मुलाला गणित सोडू देऊ नका, त्यानं कितीही चित्रं काढली तरी.

एक मात्र राहून गेलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा मला द्यायच्या होत्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन हे सगळं घरी घड्याळ लावून करून ठेवलं होतं. पण अर्ज शाळेमार्फत जातो आणि मला शाळाच नव्हती. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे नाही म्हणाले. तुम्ही आतापासूनच जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांशी ओळख वाढवा. नियम काय आहे ते त्यांना विचारा, तेच खरं सांगतील.

तुम्ही साताऱ्यात आहात तर औंधला त्याला नक्की न्या. तुमच्याच जिल्ह्यात आहे. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. स्वतः चित्रं काढणारा राजा होता तो. राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं एक छोटं शिल्पही. बाबांनी मला बाराव्या वर्षी नेलं होतं. रविवर्म्यासमोर मी लुगड्याची किनार वहीत उतरवत तासभर उभी होते. मूरचं शिल्प बघून मला वाटलं होतं की हे अर्धवट राहिलंय, माझ्या स्वेटरसारखं. वही-पेन्सिल बरोबर द्या आणि घाई करू नका. शाळेची सहल अशा ठिकाणी वीस मिनिटांत गुंडाळतात. घरी शिकणाऱ्या मुलाची खरी श्रीमंती हीच, त्याला कुणी 'चला, रांग करा' म्हणत नाही.

नुकसानही लिहिते. शाळेच्या आठवणी निघाल्या की मी चहा करायला उठते. तीन तास परीक्षेच्या हॉलमध्ये एका जागी बसणं मला सोळाव्या वर्षी शिकावं लागलं. पहिल्या पेपरला मी दीड तासात उठून जायला निघाले होते. ठरलेल्या वेळेत काम संपवायची सवय नोकरीत लागली, तीही शिव्या खाऊन.

आता मी सांगलीत एका छापखान्यात डिझाइनचं काम करते. हळदीच्या पुड्या, बेदाण्याचे खोके, लग्नपत्रिका. द्राक्षाच्या वेलीची बॉर्डर मागणारे तासगावकडचे बेदाणेवाले खूप, आणि पान देठाला लागलंय का हे मी अजून बघते. त्यांना नाही कळत. पोट भरतं, काम आवडतं, फार मोठं काही नाही.

तुमचा प्रश्न काल आईला वाचून दाखवला. ती तंबोरा लावत होती. ऐकून म्हणाली, "मुलाचं होईल काहीतरी. घरात त्याच्याबरोबर दिवसभर कोण बसणार आहे, आणि त्या माणसाचं काय ठरलंय, ते विचार." तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही. तेवढं कळवा.