ट्रॅव्हल बग उचलण्याआधी

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसने लपवलेले डबे शोधायचा खेळ, आणि ट्रॅव्हल बग म्हणजे डब्यातून डब्यात प्रवास करणारी, साखळी आणि कोड असलेली धातूची पट्टी. डब्यात असा बग दिसला की लगेच खिशात टाकू नकोस. आधी जिओकॅशिंगच्या साइटवर त्याचं पान वाच. मालकाला तो कुठे पोचवायचाय ते तिथे असतं. हिमालयाकडे निघालेला बग तू पणजीहून काणकोणला नेलास, तर उपयोग काय? साइटवर नुसता 'डिस्कव्हर्ड' (म्हणजे पाहिला, नेला नाही) असा लॉग, म्हणजे नोंद, कर आणि राहू दे. बदल्यात काही ठेवायलाच हवं असं नाही, तो नियम बाकीच्या चिल्लर वस्तूंचा.

पट्टीवरचा कोड फोटोत दिसला की लोक घरबसल्या खोटे लॉग टाकतात. त्यावर अंगठा धरूनच फोटो काढ.

नेलास तर त्याच दिवशी साइटवर 'रिट्रीव्ह' (डब्यातून घेतला) अशी नोंद कर. दोनेक आठवड्यांत पुढे सोड. उशीर होणार असेल तर मालकाला दोन ओळी लिही, एवढं तरी करावं माणसाने. सोडताना डबा नीट बघ. जून ते सप्टेंबर झाकणाचं रबर सैल असलेल्या डब्यात पाणी शिरतंच, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने साखळी गंजते, म्हणून झिपच्या पिशवीत घाल. पर्यटकांच्या गर्दीतल्या डब्यात मी तर ठेवतच नाही. दाबोळीहून विमान पकडणारा कॅशर, म्हणजे हा खेळ खेळणारा, भेटला, तर सरळ त्याच्या हातात देतो. त्याने साइटवर 'ग्रॅब' (डब्याबाहेरून घेतला) नोंदवलं की झालं.