कंडोमिनियमला सोसायटी म्हणू नका (आणि दम्पतीबद्दल थोडं)

प्रश्न आलाय की "आमची बिल्डिंग कागदोपत्री 'अपार्टमेंट कंडोमिनियम' आहे, पण सगळे सोसायटीच म्हणतात, चालतं का? आणि कंडोमिनियमला मराठीत काय म्हणायचं?"

नाही चालत. वकील आणि एजंटसुद्धा सर्रास म्हणतात म्हणून तर जास्त चीड येते. सोसायटी म्हणजे महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखालची, तिथे कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतराचा दस्त) झालं की जमीन-इमारत संस्थेच्या नावावर, तुमच्या हातात शेअर सर्टिफिकेट आणि फ्लॅट केवढाही असो, सभासदाला मत एकच. कंडोमिनियम 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्यातलं, त्यात डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याचा घोषणा-दस्त) रजिस्टर होतं, फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा आणि जमीन, जिना वगैरेत तुमचा अविभक्त हिस्सा, तो किती टक्के हे डिक्लरेशनमध्येच लिहिलेलं असतं, मत त्या टक्क्याने आणि सामाईक खर्चही त्याच टक्क्याने. मग मीटिंगमध्ये कुणी "सोसायटीत मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच" म्हणून भांडायला लागला की समजायचं, याने शब्दाबरोबर कायदाही चुकीचा धरलाय.

आता शब्दाकडे या. लॅटिनमध्ये कॉन म्हणजे सह आणि डोमिनियम म्हणजे स्वामित्व, ते डोमिनस म्हणजे धनी यावरून आणि तो डोमुस म्हणजे घर यावरून. या डोमुसचा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे 'दम'! ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी 'वर्धमानं स्वे दमे' आहे, स्वतःच्या घरात वाढणारा. आणि दमचा पती तो दम्पती, घरधनी. ग्रीक डेस्पोटेसही हाच समास, इंग्रजीतला डेस्पॉट (हुकूमशहा) त्याच्यावरूनच.

व्याकरणवाले मात्र दम्पतीची फोड अजून जाया (बायको) + पती सांगतात, जायेच्या जागी 'दम्' आला म्हणे. का आला? काही कारण नाही, निपातन (नियमाविना तयार धरलेलं रूप) म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मला हे अजिबात मान्य नाही. ऋग्वेदात एकट्या अग्नीला एकवचनात दम्पती म्हटलंय, तिथे जाया कुठून आणणार? द्विवचनी दम्पती म्हणजे घराचे दोन धनी, दोघंही सारखेच मालक. माझ्या मते कंडोमिनियमची कल्पना इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्याच जुन्या शब्दात सापडत नाही, सुदानवर ब्रिटन आणि इजिप्तचं 1899 ते 1956 जे संयुक्त राज्य होतं त्यालाही कंडोमिनियमच म्हणायचे, पण तिथे बरोबरी नावालाच होती.

हां, मराठी शब्द. सहस्वामित्व चांगला आहे, लेखात वापरा. नोटिशीवर मात्र 'अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन' लिहा, 1970 च्या कायद्यात असोसिएशन हाच शब्द आहे.