हात हलला नाही, तेव्हाचं काय?

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘इच्छास्वातंत्र्य नसतंच, लिबेट यांनी ते सिद्ध केलंय’ हे तू ज्या ठामपणे लिहिलंयस, त्याची मला काळजी वाटली. या विषयात यायचं असेल तर निष्कर्ष सध्या बाजूला ठेव. आधी प्रयोग बघ.

मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३चा शोधनिबंध पुन्हा काढ. समोर गोल घड्याळ, त्यावर प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतो. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि ती इच्छा जाणवली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. मेंदूतला विद्युत चढ हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेला दिसला. इच्छा मात्र २०० मिलिसेकंद आधीच्या आसपास जाणवलेली. ‘मेंदूनं आधीच ठरवलं’ हे त्यावरून आलं.

तरुणपणी मीही त्या खुर्चीत बसलोय. केसांत चिकट जेल, डोळे ठिपक्यावर. हात हलला की दर वेळी अडायचो: इच्छा झाली तेव्हा ठिपका नेमका कुठे होता? जो आकडा सांगायचो तो प्रामाणिक होता, पण अंदाजच होता. तूही एकदा बस. हे वाचून कळत नाही.

आता तो चढ. १९६४ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला कॉर्नह्यूबर आणि डेके या संशोधकांनी ईईजीची, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीची, टेप चक्क उलटी चालवली आणि हालचालीपासून मागे जात सरासरी काढली, तेव्हा तो दिसला. लिबेट यांनीही ४०-४० नोंदींची सरासरीच घेतली, कारण एकट्या नोंदीत तो चढ गोंगाटात बुडून जातो. म्हणजे हात हलला तेवढेच क्षण हिशेबात आले! धरणाचं पाणी सांडव्यावरून गेलं, फक्त त्याच दिवसांपासून मागे मोजत गेलास, तर पातळी नेहमी चढतानाच दिसणार. चढून पुन्हा उतरलेलं पाणी तुझ्या वहीत येणारच नाही. आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जवळपास हेच मांडलं: मेंदूतले आपसूक चढउतार उंबरठ्याला टेकले की हालचाल होते, आणि मागे वळून सरासरी घेतली की तोच संथ चढ दिसतो. मला हे बरंचसं पटतं. वाद मात्र अजून मिटलेला नाही, आणि तुझ्यासारख्यांना काम आहे ते तिथेच.

दिवाळीनंतर ये. येताना सरासरीचा गुळगुळीत आलेख नको, एकेक कच्ची नोंद आण. आणि हात हलवावासा वाटला, पण हलवला नाहीस, त्या वेळा वेगळ्या लिहून ठेव. आपण तिथूनच सुरू करू.