वाचकांचे प्रश्न : बांगडा, पपई आणि कुयरी

प्रश्न (मालवण) : रापणीचे बांगडे दुपारी घेतले, संध्याकाळी तिखलं केलं. वास अजिबात नव्हता, जिभेला तेवढं चुरचुरलं. तासाभरात दोघांची तोंडं लाल झाली, डोकं ठणकलं, अंगावर गांधी उठल्या. रटरट उकळल्यावरही जंतू उरतात का?

उत्तर : जंतू बहुतेक मेलेच असतील, पण त्यांनी आधीच करून ठेवलेलं मागे राहिलं. तुमच्या वर्णनावरून ही हिस्टामिनची बाधा दिसते.

बांगड्याच्या लालसर मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल सुटं, भरपूर असतं. कल्ल्यांत आणि आतड्यांत मॉर्गनेलासारखे जीवाणू असतात. मासा मेला की ते मांसात शिरतात आणि त्यांचं एन्झाइम, म्हणजे विकर, कामाला लागतं. हिस्टिडीनचा रेणू विकराच्या खोबणीत बसतो, त्याचा एक तुकडा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, उरतं ते हिस्टामिन. खोबण रिकामी झाली की पुढचा रेणू. विकर स्वतः खर्ची पडत नाही, त्यामुळे उन्हातल्या टोपलीत काही तासांतच बरंच हिस्टामिन साठतं.

विकर हे प्रथिन आहे. त्याची घडी उष्णतेने मोडते, अंड्याचा पांढरा बलक गोठतो तशीच. हिस्टामिन मात्र एवढासा रेणू, त्याला मोडायला घडीच नाही. उकळा, तळा, खारवा, सुकवा, ते जागचं हलत नाही. उशिरा घातलेल्या बर्फाचंही तेच : जंतूंची वाढ थांबते, पण तोवर तयार झालेलं विकर थंडीतही हळूहळू चालू राहतं.

वासावर भिस्त ठेवू नका. माशाचा नेहमीचा वास ट्रायमिथाइल अमाइनचा. आमसुलाचं आम्ल त्याचं क्षारात रूपांतर करतं, मग तो हवेत उडत नाही. म्हणून कोकम घातलेल्या सारात मासळी ताजी वाटते. हिस्टामिन आमसुलाने नाहीसं होत नाही.

बाजारात जाताना झाकणाचा डबा न्या. एक किलो मासळीला एक किलो फोडलेला बर्फ, खाली-वर थर देऊन, आणि वितळलेलं पाणी निथळेल अशी सोय. घरी येताच कल्ले आणि आतडी काढून 4 अंशांखाली ठेवा. जीभ चुरचुरली तर ताट बाजूला सारा. अशी बाधा सहसा दिवसभरात उतरते, अ‍ॅलर्जीवरच्या गोळ्यांनी आरामही पडतो, पण धाप लागली किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना. ही बांगड्याची अ‍ॅलर्जी असेलच असं नाही. ताजा मासा खाऊनही पुन्हा तसंच झालं, तर मात्र तपासून घ्या.

प्रश्न (चिपळूण) : मटणाला कच्च्या पपईचा गर रात्रभर लावून ठेवला. वरून लगदा झाला, आतून मात्र चिवटच.

उत्तर : पपईच्या चिकातलं पपेन प्रथिनांच्या साखळ्या कापतं. पण ते स्वतःही प्रथिनच, मिठाच्या मानाने शेकडो पट जड. मीठ आत मुरतं, पपेन वरच्या थरातच अडकतं आणि रात्रभर तोच थर कापत बसतं. त्याची खरी धाव साधारण 65 अंशांना. फ्रीजमध्ये ते पेंगतं, उकळत्या रश्शात मरतं. थोडक्यात, काम होतं ते आच चढत असताना. अर्धा किलोला एक चहाचा चमचा गर पुरे, सालीसकट वाटलेला, कारण चीक सालीलगत जास्त. तुकड्यांना काट्याने टोचे मारा, अर्धा-पाऊण तास ठेवा आणि पातेल्यात मंद आचेवर सावकाश तापू द्या. घाईने शिट्ट्या काढल्यात तर पपई फुकट गेली म्हणून समजा. पिकल्या पपईत चीक फार थोडा उरतो, ती वापरू नका.

प्रश्न (राजापूर) : चिरून फ्रीजरमध्ये ठेवलेली फणसाची कुयरी काळी का पडते?

उत्तर : पेशीत फिनॉल नावाची रसायनं एका कप्प्यात आणि त्यांना काळं करणारं विकर दुसऱ्यात असतं. सुरीने आणि बर्फाच्या स्फटिकांनी भिंती फुटतात, दोघं एकत्र येतात. उणे 18 अंशांना ही क्रिया मंदावते, बंद पडत नाही. म्हणून आधी उकळत्या पाण्यात 3-4 मिनिटं बुडवून काढा. पाव किलोला दोन लिटर तरी पाणी हवं. फोडी टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी आली नाही, तर एका वेळच्या फोडी कमी करा. अर्धवट वाफवणं न वाफवण्यापेक्षा वाईट : विकर मरत नाही, उलट चेकाळतं. नंतर तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवा, पुसून कोरड्या करा, मग पिशवीत.

खात्री हवी असेल तर एका फोडीवर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. बुडबुडे आले तर आतलं कॅटॅलेज नावाचं विकर जिवंत आहे, आणखी मिनिटभर उकळा. बुडबुडे आले नाहीत म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, कॅटॅलेज इतरांच्या आधी मरतं. तपासलेली फोड फेकून द्या.