वणीच्या गडावर चैत्रोत्सवाला कधी जावं?

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा एवढा सप्तशृंगीचा चैत्रोत्सव असतो. माझं ऐकाल तर चतुर्दशीलाच जा. त्या रात्री दरेगावचे गवळी पाटील कीर्तिध्वज घेऊन शिखरावर चढतात आणि मध्यरात्री तो फडकवतात. शिखराला धड वाट नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या हा मान त्यांच्याच घराण्याकडे आहे. पहाटे खालून तो ध्वज दिसला की अंगावर काटा येतो.

गर्दी मुख्यतः खानदेशची. ते देवीचं माहेर, म्हणून धुळे-जळगावकडून लोक रणरणत्या उन्हात पायी येतात. त्यांना वाटेत पाणी, ताक नक्की द्या.

यात्रेत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, पुढे एसटीने गडावर. वयस्कर माणसं सोबत असतील तर पायऱ्यांऐवजी फ्युनिक्युलर ट्रॉली घ्या.