तेल बदला, पण खरी गळती दुसरीकडे आहे

पत्राचा सारांश असा : वाचकाची ऑटोमॅटिक गाडी ११ वर्षांची आहे. १ लाख ४० हजार किलोमीटर झाले, पण गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नाही. गिअर आजही नीट पडतात. एक मेकॅनिक म्हणतो, ताबडतोब बदला. दुसरा म्हणतो, इतकं जुनं तेल काढलंत तर गिअर स्लिप व्हायला लागतील, म्हणजे इंजिन फिरेल पण जोर चाकांपर्यंत पूर्ण पोचणार नाही. बदलायला पगाराचा दहावा हिस्सा लागेल, गिअरबॉक्स उघडावा लागला तर तीन पगार. शेवटी ते लिहितात : ‘क्रेडिट कार्डावर दोन पगारांएवढी बाकी आहे, दरमहा पगाराचा दहावा हिस्सा मिनिमम ड्यू म्हणून भरतो. विम्याचा हप्ता मात्र कधी चुकवला नाही. गाडी दोन वर्षांनी विकायचीच आहे, तर हा खर्च टाळू का?’

टाळू नका. ऑटोमॅटिक गाडीत हे तेल वंगणापुरतं नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच जुळतात आणि सुटतात, आतली उष्णताही तेच बाहेर नेतं. तापून तापून ते कमकुवत होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशोब आहे. ‘लाइफटाइम ऑइल’, म्हणजे कधीच बदलावं न लागणारं तेल, या शब्दावर विसंबू नका. अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षं, एवढ्यात तेल बदलायला सांगते. त्या मापाने तुम्ही दोन्ही मर्यादा ओलांडल्या आहेत.

दुसऱ्या मेकॅनिकची भीती कुठून येते, तेही सांगतो. बरेच लोक गिअर स्लिप व्हायला लागल्यावर तेल बदलायला धावतात. तोवर क्लच प्लेट झिजलेल्या असतात. महिनाभरात गिअरबॉक्स बसतो आणि खापर नव्या तेलावर फुटतं. तुमची गाडी स्लिप होत असती, तर मीही म्हटलं असतं की तेलावर पैसे घालू नका, झीज तेलाने भरून येत नाही.

खालचा पॅन काढून फिल्टर बदलून घ्या आणि तिथलं लोहचुंबक स्वतः पाहा. करडा, मऊ गाळ असणारच. धातूचे कण किंवा तुकडे दिसले, तर तिथेच थांबा. एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. दर खेपेला ४० टक्के निघालं असं धरलं, तर तीन खेपांत ८० टक्क्यांच्या आसपास तेल नवं होतं. मेकॅनिकने सांगितलेला खर्च एका खेपेचा की तिन्हींचा, ते आधी विचारा. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच हवं. सोबत गळ्यात मारली जाणारी अ‍ॅडिटिव्हची बाटली नको.

पैशांचा हिशोब सोपा आहे. दुरुस्तीचा खर्च तेलाच्या तीसपट. गिअरबॉक्स बसण्याची शक्यता शंभरात चारने जरी कमी झाली, तरी तेलाचे पैसे वसूल.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण माझी झोप तिने उडवली आहे. कमावता माणूस, हप्ते वेळेवर, आणि पगाराच्या दहाव्या हिश्श्यासाठी इतकी घालमेल का व्हावी?

पॉलिसीचे कागद तुम्ही जोडलेत ते बरं केलंत. दहा वर्षं दरवर्षी एक पगार भरायचा, विसाव्या वर्षी १६ पगार मिळायचे. एजंट याला ‘जवळजवळ दामदुप्पट’ म्हणाला. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. दहाचे सोळा व्हायला एवढा काळ म्हणजे वर्षाला जेमतेम तीन टक्के. तुमच्या कार्डाचं व्याज महिन्याला तीन टक्के आहे. वर्षाला तीन टक्के मिळावेत म्हणून तुम्ही महिन्याला तीन टक्के भरत आहात. कार्डावर भरता त्या दहाव्या हिश्श्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या व्याजात जातो.

आणि विमा किती? दहा पगार. घरात तीन माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत आणि त्यांची सोय दहा महिन्यांची. ज्याने तुम्हाला हे विमा म्हणून विकलं, त्याने तुमच्या घराचा विचारच केला नाही. मला याचा संताप येतो.

चार हप्ते भरून झालेत, आज सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद केली, तर दोन पगार परत मिळतील. दोन बुडाले, हे मान्य करायला जड जातं. पण ते चालू ठेवून परत येणार नाहीत. पुढचाच हिशोब करायचा, तर आजचे दोन पगार आणि उरलेले सहा हप्ते मिळून विसाव्या वर्षी १६ पगार होतात, म्हणजे साधारण पाच टक्के. तीनपेक्षा बरं, तरी कार्डाच्या व्याजापुढे काहीच नाही. शिवाय सरेंडरचे दोन पगार म्हणजे कार्डाची नेमकी बाकी.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा घ्या, निदान दहा वर्षांच्या पगाराएवढा. ती पॉलिसी सुरू झाल्याचा कागद हाती येईपर्यंत जुनीला हात लावू नका. मग सरेंडर करा, पैसे आले त्याच दिवशी कार्ड शून्यावर आणा आणि कपाटात ठेवून द्या. कार्डाचा दहावा हिस्सा आणि पॉलिसीचा वार्षिक पगार, दोन्ही सुटले की महिन्याला पगाराचे १८ टक्के मोकळे होतात. टर्मचा हप्ता वजा जाऊनही पावणेदोन वर्षांच्या आत तीन पगार बाजूला पडतील. ते बचत खात्यात राहू द्या, कुठल्याही योजनेत नकोत.

सुटलेल्या पहिल्याच दहाव्या हिश्श्यातून तेल बदला. एखादा महिना उशीर झाला तरी चालेल, कार्डावर मात्र बदलू नका. बिल जपून ठेवा, दोन वर्षांनी गाडी घेणारा ते मागेल.